टॅन एक्सचं तोरण

साइनची लाट प्रिंटरमधून बाहेर आली ती करवत होऊनच.

लीलाधर सरांनी कागद आधी चष्म्यातून पाहिला, मग चष्मा कपाळावर चढवून पाहिला. दोन्हीकडून ती करवतच होती.

"ही लाट आहे का, कुसुमलता?"

"बिंदू कमी पडले, सर."

"हिने बाभूळ कापता येईल. माझ्या पुस्तकात बाभूळ कापायची नाहीये."

कुसुमने पुन्हा कीबोर्ड पुढे ओढला. पिंप्राळ्यातल्या तिच्या वडिलांच्या 'निर्मल पत्रिका केंद्रा'त एरवी लग्नाच्या पत्रिका निघत, मुंजीच्या निघत, क्वचित दुकानाच्या उद्घाटनाच्या निघत. गणित तिथे कधी आलं नव्हतं. पण लीलाधर सरांनी 'आलेखमित्र' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि अख्ख्या जळगावात त्यांना आलेख छापून देणारं कोणी भेटेना. छापखानेवाले म्हणत, हाताने काढून आणा. सर म्हणत, हाताने काढलेला साइन म्हणजे ज्याच्या त्याच्या हाताचा साइन, गणिताचा नव्हे. शेवटी सरांच्या पुण्याच्या भाच्याने फ्लॉप्यांवर एक सॉफ्टवेअर पाठवलं, आणि सर त्या फ्लॉप्या रुमालात गुंडाळून, आपल्याच वर्गात नुकतीच बारावीची परीक्षा दिलेल्या कुसुमच्या घरी हजर झाले.

त्या सॉफ्टवेअरची तऱ्हा निराळी होती. त्यात चित्र काढायचं नसे, चित्राला हुकूम द्यायचा असे. अक्ष कुठून कुठे जाणार, त्यावर खुणा कशाच्या, किती बिंदू धरून रेघ ओढायची, सगळं इंग्रजीत लिहायचं, एंटर मारायचा आणि नवससायास केल्यासारखं बसून राहायचं. बिंदू थोडे दिले की करवत यायची. भरपूर दिले की कॉम्प्युटर विचारात पडायचा, आणि त्याचा विचार पुरा व्हायच्या आत पिंप्राळ्याची लाईट जायची.

त्यात त्या सॉफ्टवेअरला एक वाईट खोड. प्रत्येक आलेखाभोवती ते आपणहून चौकोनी चौकट काढी. सरांना चौकट नको होती. सरांना दोन अक्ष मधोमध छेदणारे हवे होते, टोकांना बाण हवे होते, आणि आडव्या अक्षावर एक-दोन-तीनऐवजी π च्या पटीतल्या खुणा. कुसुमने चौकट काढून टाकली तेव्हा तिचे वडील निर्मलकुमार गल्ल्यावरून उठून आले.

"चौकट राहू दे ना, बेटा. चौकट असली की कागद भरीव दिसतो."

"शेठ," सर म्हणाले, "एक्स-अक्ष म्हणजे पत्रिकेची बॉर्डर नव्हे."

"बरं, मग कोपऱ्यात दोन मोर?"

सरांनी नुसतं पाहिलं. निर्मलकुमार परत गल्ल्यावर गेले.

पण ते लक्ष ठेवून होते, आणि कुसुमलाही ते माहीत होतं. कारण त्या आलेखांवर तिचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. धुळ्याला देवपुरात नवंच संगणक विद्यालय निघालं होतं, आणि कुसुमला तिथे डिप्लोमाला जायचं होतं. घरात या विषयावर तीन आठवडे जेवणं थंड झाली होती. शेवटी निर्मलकुमारांनी तोड काढली होती.

"धुळ्याला गणिताच्या मास्तरांचं संमेलन आहे ना? तिथे हे पुस्तक निघणार ना? तिथे सगळ्यांसमोर सर म्हणाले की पोरीला येतं, तर नाव घालू. नाही म्हणाले, तर इथेच बी.ए. कर, आणि येत्या लग्नसराईत पहिली पत्रिका तुझीच टाइप कर."

"माझी मीच?"

"मग बाहेर कशाला द्यायची? घरचं दुकान आहे."

ही अट ऐकून आई, धनकुंवर, फक्त एवढं म्हणाली होती की लीलाधर सरांनी आजवर कोणाला येतं असं म्हटल्याचं तिच्या ऐकण्यात नाही.

तर साइनची करवत झिजून लाट झाली. पॅराबोला आधी वाटीसारखा आला, मग ताटासारखा, मग दोन्ही अक्षांची मापं सारखी केल्यावर पॅराबोलासारखा. वर्तुळ दोनदा पपई होऊन आलं. आणि मग आला टॅन.

टॅन एक्सने कुसुमचा जीव घेतला. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. नव्वद अंशांच्या अलीकडे रेघ छताला टेकली आणि पलीकडे जमिनीत सापडली, की ते दोन्ही टोकं सरळ जोडून मोकळं होई. कागदावर उभ्या भिंती उभ्या राहत.

"तिथे काही नाही," सर टेबलावर बोट आपटून म्हणत. "नव्वदला टॅन नसतोच. नाही म्हणजे नाही. तुझ्या मशीनने तिथे पूल बांधलाय. त्यावरून माझा विद्यार्थी चालत गेला तर पडेल."

मग कुसुमने टॅनचे तुकडे केले. एकेका तुकड्याला वेगळा हुकूम, एकेकाला वेगळी हद्द. टोकं नेमकी छताशी कापली. आणि जिथे टॅन नसतो तिथे, तो नसतो हे कळावं म्हणून, ठिपक्याठिपक्यांची उभी रेघ दिली. अखेर एका दुपारी पानावर तीन देखण्या, सुट्या, एकमेकींशी अजिबात न बोलणाऱ्या रेघा उमटल्या. कुसुमने तो कागद दोन्ही हातांत धरून आईला दाखवला. आई म्हणाली, "चांगलंय. पण तुटलंय ना गं." कुसुमला त्यावेळी हसू आलं.

सरांनी पान पाहिलं, हुं म्हटलं, आणि संमेलनाची तयारी त्यांच्याकडेच असल्यामुळे त्याच संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला निघून गेले.

उरलं होतं छपाईचं. आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. माहेरवाशिणी आल्या होत्या, झाडाझाडाला झोके लागले होते, आणि जळगावातला एकही मशीनमन मशीनपाशी उभा राहायला तयार नव्हता. तेव्हा हिलाल आपल्या अहिराणीत म्हणाला, "मना साडूनं मशीन शे ना धुयाले. तो आखाजीले भी चालू ठेवस. त्यानी बायको माहेरले गयी, त्याले घर खायाले उठस."

हिलाल हा पत्रिका केंद्राचा आर्टिस्ट. गणपती काढणं, मराठी ओळी कापून जागच्या जागी चिकटवणं आणि छापायला जाण्याआधी प्रत्येक पानावरून शेवटचा हात फिरवणं, ही त्याची कामं. प्रिंटर जुना होता, बटर पेपरवर मधेच रेघ सोडायचा. अशी सुटलेली रेघ हिलाल काळ्या शाईच्या बारीक पेनने इतकी बेमालूम जोडायचा की प्रिंटरलासुद्धा आपण चुकलो होतो हे आठवू नये.

आणि दुकानाचा एक नियमच होता. मागे चोपड्याच्या एका लग्नाच्या पत्रिकेत वरचं तोरण मधोमध तुटून छापलं गेलं. नवरदेवाचा काका गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, तुटक्या तोरणाखालून आमचा पोरगा जाणार नाही. ते लग्न झालं, पण निर्मलकुमारांना चोपड्याला जाऊन नवरीच्या आज्यासमोर हात जोडावे लागले. तेव्हापासून तुटकी रेघ दुकानाबाहेर जायची नाही, हे ठरलं.

हिलाल पानं घेऊन साडूच्या मशीनवर धुळ्याला गेला. आखाजीच्या दिवशी दुपारी फोन वाजला, तेव्हा निर्मलकुमारांचा उजवा हात आमरसात होता. त्यांनी डाव्या हाताने उचलला.

"शेठ," धुळ्याच्या बूथवरून हिलाल ओरडत होता, "पोरीन्या रेघा तुटी ग्यात."

"कुठल्या?"

"एक तोरण शे. दोन जागावर तुटेल शे. आनि खांब भी ठिपका-ठिपका दिसतस."

"लाईटचा झटका बसला असेल मशीनला."

"मंग काय करू? साडू बोंबलस, मशीन थांबेल शे."

"विचारतोस काय? जोड. चोपड्याचं विसरलास का?"

"ते कसं इसरू? तुम्ही जेवा. आसं जोडस का कोनले दिसाव नही."

निर्मलकुमार परत ताटावर बसले. आणखी एक वाटी रस आला. कुसुम त्यावेळी मैत्रिणींबरोबर झोक्यावर होती.

संमेलनाच्या दिवशी सकाळच्या एसटीने बाप-लेक धुळ्याला निघाले. कुसुमने नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि ती खिडकीशी बसून मनातल्या मनात सरांना "येतं हो, हिला येतं" असं म्हणायला लावत होती. पारोळ्याला चहा झाला. गाडी सुटल्यावर निर्मलकुमारांना एकदम आठवलं.

"अगं, सांगायचंच राहिलं. हिलालचा फोन आला होता. तुझ्या रेघा तुटल्या होत्या कुठे. मी म्हटलं, जोड. तुला वाटतं बापाचं लक्ष नसतं."

"कुठल्या रेघा?"

"कुठलंसं तोरण होतं."

"पप्पा, आपल्या पुस्तकात तोरण नाहीये."

"हिलाल तर म्हणाला, तोरण आहे."

कुसुमने अगदी हळू विचारलं, "खांब पण म्हणाला का?"

"हो की. ठिपक्याठिपक्यांचे. तुला कसं कळलं?"

धुळं येईपर्यंत कुसुमने बापाला टॅन एक्स समजावून सांगितला. शेजारच्या सीटवरच्या साक्रीच्या म्हाताऱ्यालाही तो बऱ्यापैकी समजला. निर्मलकुमार मात्र एकच विचारत राहिले.

"पण बेटा, तुटकंच ठेवायचं असतं, तर ते आधी सांगायला नको का?"

हॉलवर पोचले तेव्हा प्रत्येक खुर्चीवर एकेक पुस्तक ठेवलेलं होतं, वर गुलाबी रिबिनीची गाठ. प्रकाशन झाल्याशिवाय गाठ सोडायची नाही, असं ठरलं होतं. दाराशी हिलाल नवा सदरा घालून उभा. त्याने आपल्या खिशातून रिबिन नसलेली प्रत काढली आणि बरोबर ते पान उघडून दिलं.

"ताई, देख."

कुसुमने पाहिलं. तिच्या तीन सुट्या रेघा आता सुट्या नव्हत्या. वरच्या टोकाला हिलालने सुरेख गोलाई दिली होती, तिथून रेघ लडिवाळपणे खाली उतरवली होती, खाली तिला झोळ दिला होता आणि पुन्हा वर नेली होती. ठिपक्यांच्या उभ्या रेघा ठसठशीत भरीव केल्या होत्या. पानावर सरळ सरळ लग्नाचा मांडव उभा होता.

"आंबाना पानं काढनार व्हतू," हिलाल म्हणाला. "पन म्हटलं नको. गणित शे."

"हिलालभाऊ, हे तुटकंच असतं."

"कसाले?"

"तिथे टॅन नसतो."

"मंग कोठे जास तो?"

"वर जातो."

"आनि मंग?"

"खालून येतो."

हिलालने पानाकडे बघत विचार केला. "म्हनजे मधमा तो कोठेच नही."

"कुठेच नाही."

"मंग तुले कसा सापडी गया?"

याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. माइक खरखरला, पाहुणे व्यासपीठावर चढले. मधल्या खुर्चीवर देवपुरातल्या त्याच संगणक विद्यालयाचे प्राचार्य धनसिंगराव बसले, शेजारी लीलाधर सर. मागच्या दाराने वरण-बट्टीचा वास आत येत होता आणि दोनशे गणितशिक्षक त्या दिशेला थोडे थोडे झुकले होते. रिबिनी सुटल्या. सरांनी आपली प्रत उघडली, दोन-तीन पानं उलटली, आणि त्यांचा हात थांबला. त्यांचा चेहरा कुसुमला सातव्या रांगेतून दिसला. परीक्षेत कोऱ्या पेपरावर सही करतानासुद्धा सर असे दिसले नव्हते.

त्यांनी उठायला खुर्ची मागे सारली, पण तेवढ्यात धनसिंगरावांनी माइक धरला होता. धनसिंगरावांच्या हातातून माइक सोडवायचा तर जेवणाची घंटाच व्हावी लागे.

"मित्रहो," ते म्हणाले, "मी हे पुस्तक चाळलं. आणि या टॅनच्या पानावर माझी नजर खिळली. आजवर आपण सगळ्यांनी टॅन तुटक-तुटक शिकवला. त्यामुळे मुलांच्या मनात भीती बसली. इतका सलग, इतका प्रवाही टॅन मी पहिल्यांदाच पाहतो आहे."

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं, आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

"हे संगणकावर एका मुलीने केलं आहे, असं कळलं. त्या मुलीला आमच्या विद्यालयाचं दार आजपासून उघडं आहे."

निर्मलकुमारांनी कुसुमचा हात दाबला. "झालं की गं. खुद्द प्राचार्यच म्हणाले. सरांनी म्हणायची गरजच नाही उरली. नाव घातलंच समज."

"पण पप्पा, ते चूक आहे."

"हळू बोल. कोणाला कळलंय?"

कुसुमने व्यासपीठाकडे पाहिलं. लीलाधर सर तिच्याकडे बघत नव्हते. ते पुस्तकाकडे बघत होते, घरच्या लग्नात भलतीच नवरी दिसावी तसे. गप्प बसायचं, म्हणजे देवपुरातलं कॉलेज. उभं राहायचं, म्हणजे चूक आपली होते आणि पत्रिकाही आपलीच. एवढं सगळं तिला नीट कळलं आणि तरी ती उभी राहिली, कारण ते पान बघून तिला बसवेना.

"सर, हा टॅन चुकलाय."

पुढच्या रांगेतल्यांनी पुन्हा ते पान उघडलं.

"बस, बेटा," धनसिंगराव हसून म्हणाले. "छापील आहे ते."

"मीच केलंय."

"मग चूक कसं असेल? आत्ता तुझं कौतुक चाललंय."

"नव्वद अंशांना टॅन नसतो, सर. अलीकडे तो वर जातो आणि पलीकडे खालून येतो. मधे कोणी जोडायचं नसतं. यात जोडलाय."

"तांत्रिकदृष्ट्या," धनसिंगराव म्हणाले आणि थांबले.

"आन ती रेघ मी जोडेल शे," मागून हिलाल उठून उभा राहिला. पोरीवर बालंट येतंय असं त्याला वाटलं होतं. "तिनं काही नही. शेठनी सांगं म्हनीसन जोडी."

दोनशे माना शेठ शोधायला वळल्या. निर्मलकुमार खुर्चीत इतके खाली सरकले की फक्त टोपी उरली.

मग लीलाधर सर उठले. त्यांनी धनसिंगरावांच्या हातातून माइक काढून घेतला, आणि घंटा न होताही तो सुटला, याचं धुळ्यात नंतर बरेच दिवस नवल चाललं.

"प्रत्येकाच्या खिशात लाल पेन आहे," सर म्हणाले. "गणिताच्या मास्तराकडे नसेल तर त्याने बट्टी खाऊ नये. टॅनचं पान काढा. ही मुलगी फळ्यावर दाखवते, तेवढा भाग खोडा."

कुसुमने फळ्यावर टॅन काढला. तीन सुट्या रेघा. हॉलभर लाल पेनांची खसखस सुरू झाली. दोनशे मांडव जमीनदोस्त झाले. हिलाल रांगांमधून फिरत होता आणि कोणी फार ओबडधोबड खोडलं की हळहळत होता. धनसिंगराव पहिल्या रांगेत उतरून शेजारच्याला विचारत होते, "नेमकी कुठली खोडायची? वरची गोलाई की झोळ?"

"दोन्ही," शेजारचा म्हणाला.

सर माइकमध्ये फक्त एकच वाक्य आणखी बोलले. "हिला टॅन येतो." एवढं म्हणून त्यांनी माइक खाली ठेवला.

निर्मलकुमार खुर्चीत वर आले. जेवणाच्या पंगतीत त्यांनी मुद्दाम सरांशेजारचा पाट धरला, वरणात बट्टी कुस्करली आणि दिलदारपणे म्हणाले, "सर, मी शब्दाचा पक्का. सोमवारी देवपुरात जाऊन नाव घालून टाकतो."

"अजिबात घालू नका," सर म्हणाले.

कुसुमच्या हातातला घास तिथेच राहिला.

"आता काय झालं, सर? तुम्हीच म्हणालात, येतं."

"म्हणूनच म्हणतो." सरांनी पलीकडच्या पंगतीकडे हनुवटी केली. तिथे धनसिंगराव दोन शिक्षकांना सांगत होते की सलग टॅनमध्येही एक गंमत होती. "तिथे शिकवणार कोण, पाहिलंत ना? पोरगी ज्यांच्या चुका काढते, त्यांच्याकडे फी भरून कशाला पाठवता? तिला पुण्याला पाठवा. डिग्रीला."

"पुण्याला?"

"वाढपी, इकडे वरण," सर म्हणाले. त्यांच्या बाजूने विषय संपला होता.

परतीच्या एसटीत निर्मलकुमार खिडकीशी बसले. धुळ्यावरून तीन आठवडे भांडलेला माणूस एका बट्टीत पुण्याला येऊन पोचला होता, आणि वर शब्दाचा पक्का असल्याचं आपल्याच तोंडाने दोघा-चौघांच्या देखत सांगून बसला होता. पारोळा गेलं. मागच्या सीटवर हिलाल घोरत होता.

एरंडोलच्या अलीकडे निर्मलकुमारांनी घसा साफ केला.

"पुण्यात आपलं कोण आहे?"

त्यांच्या घरात नाही म्हणायचं असलं की "बघू" म्हणत. त्या गावी आपलं कोण आहे, हे फक्त मुलगी द्यायचं ठरल्यावर विचारलं जाई. कुसुमला हे माहीत होतं. तिने चेहरा जमेल तेवढा साधा ठेवला.

"कोणीच नाही, पप्पा."

"मग पहिल्या खेपेला मलाच यावं लागेल," निर्मलकुमार म्हणाले आणि झोपल्यासारखे डोळे मिटून बसले. तिकिटाची बारीक घडी मात्र ते जळगाव येईपर्यंत घालत होते.